सगीराबीचा शिवलेला हात

माळीवाडा, शरणापूर, कसाबखेडा, वेरूळ या पट्ट्यातल्या बायांना सगीराबी चांगली माहीत होती, पण नावानं नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी 'चुडीवाली मावशी आली गं' असं ओरडायचं आणि बाया ओले हात पुसत ओट्यावर यायच्या. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी, बसथांब्याच्या मागच्या गल्लीत तिची एक खोली होती. नवरा सरदार टेम्पो चालवायचा. तो काविळीनं गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी बांगड्यांची पिशवी पाठीवर टाकून ती काळी-पिवळी जीप पकडायची आणि दिवसभर लोकांच्या ओट्यावर बसून संध्याकाळी परत यायची.

तिचा हात हलका होता. डाव्या हातात बाईचा पंजा घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटांच्या मुळांची हाडं हळूच एकमेकांवर दाबायची आणि उजव्या हातानं बांगडी अशी फिरवत सरकवायची की बाईला कळायच्या आत ती मनगटात. "हात मऊ सोड गं, माझाच हाय असं समज," एवढंच ती बोलायची. हात दुसऱ्याच्या हातात दिला की माणूस आपोआप बोलायला लागतं. बाया तिच्यापाशी सासूचं बोलायच्या, माहेरचं बोलायच्या, नवऱ्याचं बोलायच्या. ती ऐकायची. तिला मात्र कधी कोणी काही विचारलं नाही. चहा मिळायचा, गौरीच्या दिवसांत पुरणपोळी मिळायची, बांगड्या भरून झाल्या की वाकून नमस्कारही मिळायचा. मग पिशवी उचलायची आणि पुढचं घर.

त्या वर्षी गौरी बसायच्या दोन दिवस आधी ती वेरूळला होती. एका जाड, आखूड पंजाच्या सुनेला बांगडी चढवताना काच तडकली. "वाढली," सगीराबी म्हणाली, कारण बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. काचेची एक बारीक कपची तिच्याच उजव्या हाताच्या पाठीत, मधल्या बोटाच्या वर घुसली होती. तिनं ती दातांनी ओढून काढली, पदरानं रक्त टिपलं आणि पुढची बांगडी हातात घेतली. सणाचे दिवस होते. ओट्यावर अजून बाया बसल्या होत्या.

रात्रीपासून हात ठणकू लागला. सकाळी पाहिलं तर वरून जरासा लाल, थोडा सुजलेला. जखम तर मुंगी चावल्यासारखी, पण दुखणं असं की हाडात कोणी पहार घालून फिरवतंय. तिनं हळद लावली, चुना लावला. गावातल्या डॉक्टरांकडं जाऊन इंजेक्शन घेतलं. संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.

समोर धोंडिबाचं पेरू-सीताफळांचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. धोंडिबा साठीचा, कमी बोलणारा माणूस. इतक्या वर्षांत त्याचं आणि सगीराबीचं बोलणं म्हणजे 'आज लवकर निघाल्या' आणि 'आज गिऱ्हाईक नाय' एवढंच. पण तिचं दार उजाडताच उघडतं हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी उन्हं ताडपत्रीवर आली तरी दार बंद. त्यानं कडी वाजवली.

"सगीराबी, व्हय ओ, बरं हाय ना?"

आतून नुसतं कण्हणं आलं. दार लोटलं तर ती अंथरुणावर. हात कोपरापर्यंत फुगलेला, हाताच्या पाठीवर जांभळे-काळे फोड, आणि ती गेलेल्या सरदारशी काहीतरी बोलत होती. धोंडिबानं बायकोला हाक मारली. दोघांनी मिळून तिला पेरू आणायच्या पिकअपमध्ये, रिकाम्या क्रेटच्या मधे आडवं केलं आणि त्यानं गाडी थेट शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेली.

तिथल्या तरुण डॉक्टरनं फोडाच्या बाजूला बोट दाबून पाहिलं आणि तोंड गंभीर केलं. "वरून दिसतंय ते थोडं आहे. खरं आत पसरलंय. कातडीच्या खालचा थर सडत चाललाय आणि तो तासातासाला वर सरकतो. आत्ताच उघडावं लागेल. तुम्ही कोण यांचे?"

"शेजारी."

"घरचं कोणी?"

धोंडिबाला एकच ठाऊक होता, सगीराबीच्या भावाचा मुलगा जुनेद. चिकलठाण्याला कारखान्यात कामाला होता. सगीराबीच्या साध्या फोनमध्ये त्याचा नंबर सापडला. जुनेद कारखान्यातून तसाच आला, कागदावर सही केली. सगीराबीला अर्धवट शुद्ध होती. तिनं डॉक्टरला विचारलं, "हात जाईल का हो, साहेब?"

"हात वाचवायचा प्रयत्न करू, मावशी. आधी तुम्ही वाचा."

मधले काही दिवस तिच्या आठवणीत नाहीत. नळ्या, मशीनचा टिकटिक आवाज, तोंडात आलेली कडू चव, एवढंच. शुद्धीवर आली तेव्हा उजवा हात म्हणजे पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं. एक डॉक्टरीण विचारत होती, "मावशी, साखर किती वर्षांपासून आहे?"

"चहात व्हय?" सगीराबी म्हणाली.

डॉक्टरीण हसली नाही. तिच्या रक्तातली साखर भलतीच वाढलेली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणूनच एवढ्याशा काचेनं एवढं केलं होतं.

पहिल्यांदा तिनं स्वतःचा हात पाहिला तो ड्रेसिंगच्या खोलीत. नको बघू म्हणून सिस्टरनं तिची मान वळवली होती, पण तिनं पाहिलंच. कोपरापासून खाली कातडी नव्हती. लाल मांस. आणि हाताच्या पाठीवर तर मांसही नाही, नुसत्या पांढऱ्या चकचकीत दोऱ्या, ताणून बांधल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, मधलं बोट उचला. तिनं उचललं. बोट हललं तशी त्यातली एक दोरी मागं सरकली. आयुष्यभर तिनं हजारो पंजे दाबले होते, आत काय असतं ते तिला आज दिसलं. तिला ओकारी आली नाही की भीती वाटली नाही. कोणा दुसरीचा हात आपल्या खांद्याला लावलाय असं मात्र वाटलं.

पुन्हा पुन्हा तिला आत नेलं, उरलेलं सडकं खरवडून काढलं. मग जखमेवर स्पंज बसवून, वरून प्लास्टिक चिकटवून एक मशीन जोडलं. ते घुर्रघुर्र करत जखमेतलं घाण पाणी ओढून घ्यायचं. वॉर्डात सगळे झोपले की तेच एक जागं. मशीन काढलं त्या दिवशी तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग मांडीची पातळ कातडी सोलून कोपराखालच्या भागावर चिकटवली. जाळीसारखी दिसायची ती, भोकाभोकांची. हातापेक्षा मांडीचीच आग जास्त व्हायची. पण कातडी धरली. पाचव्या-सहाव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा ती गुलाबी झालेली होती, आणि प्लास्टिक सर्जरीच्या मोठ्या मॅडम पहिल्यांदाच तिच्याकडं बघून हसल्या.

"इथलं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता पंजाची पाठ. तिथं अवघड आहे. बोटं उचलणाऱ्या दोऱ्या उघड्या आहेत. उघड्या दोरीवर पातळ कातडी जगत नाही, तिला खालून रक्त मिळत नाही. तशाच ठेवल्या तर दोऱ्या सुकतील आणि बोटं लाकडासारखी होतील."

"मग ओ?"

"जांघेजवळची जाड कातडी, खालच्या चरबीसकट आणि तिच्या रक्तवाहिनीसकट उचलायची. पण पूर्ण तोडायची नाही. एक टोक जांघेलाच ठेवायचं, दुसरं हाताच्या पाठीवर शिवायचं. म्हणजे तुमचा हात तुमच्या जांघेला शिवलेला राहणार. तीनेक आठवडे. तोवर कातडी जांघेच्या रक्तावर जगते. हळूहळू तिला हाताकडून रक्त मिळायला लागतं. मग मधला देठ कापायचा आणि हात सोडवायचा."

सगीराबीनं विचारलं, "वेलाची फांदी मातीत दाबत्यात, मुळ्या फुटल्या की कापत्यात, तसं?"

"अगदी तसं. पण त्या तीन आठवड्यांत हात खेचला गेला तर सगळं फुकट. झोपेतसुद्धा नाही. त्यामुळं तुमच्याजवळ सतत कोणीतरी बाई पाहिजे. खायला घालायला, कपडे बदलायला, संडासला न्यायला. आहे ना कोणी?"

जुनेदच्या बायकोला, मंतशाला, नववा महिना लागलेला होता. जुनेदची शिफ्ट, त्यात तो पुरुष, बायांच्या वॉर्डात थांबू देत नव्हते. सगीराबीचे आईबाप, भाऊ, सगळे गेलेले. धोंडिबाच्या बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार? सांगायला तसं नातं तरी काय?

"हाय ना," सगीराबी म्हणाली. "माझी नणंद येणार हाय. जालन्याहून."

तिला नणंद नव्हती.

ऑपरेशन झालं. जागी झाली तेव्हा उजवा हात कमरेखाली अडकलेला, वरून रुंद चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. सरळ बसता येईना, सरळ उभं राहता येईना. वाकून, उजव्या कुशीकडं झुकून चालायचं, एखादी वस्तू पोटाशी लपवून नेल्यासारखं. खाण्यासाठी राहिला डावा हात. डाव्या हातानं जेवणं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं ताट तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून, कोणाला दिसणार नाही असं, चार घास खाल्ले.

"नणंद कुठंय?" राउंडला मॅडमनी विचारलं.

"चहाला गेली."

पुढच्या दिवशी नणंद औषध आणायला गेली होती. त्याच्या पुढच्या दिवशी परत चहाला.

"तुमची नणंद फार चहा पिते," मॅडम म्हणाल्या आणि तिच्या खाटेखाली वाकून पाहिलं. तिथं ना पिशवी होती, ना चप्पल, ना चटई. सोबतीला आलेल्या माणसाची काही खूण नव्हती.

"नणंद नाय, मॅडम," सगीराबी म्हणाली. "कोणीच नाय."

मॅडमचा आवाज चढला. "मावशी, हा खेळ वाटला का? झोपेत हात ओढला गेला असता तर? जांघेची कातडी गेली असती, हातही गेला असता. आम्ही काय केलं असतं मग?"

"खरं सांगितलं असतं तर केलं असतं का तुम्ही?"

मॅडमनी सिस्टरला बोलावलं आणि खाट तिथून उचलून सिस्टरच्या टेबलासमोर आणायला लावली. झोपताना कमरेभोवती आणि हाताभोवती चादरीचा पट्टा बांधायचा, दर पाळीच्या मावशीनं तिला उठवून न्यायचं, असं सांगितलं. जाताना त्या थांबल्या. "आता खोटं बोलू नका. मला कळायला पाहिजे." एवढंच.

शेजारच्या खाटेवर गोजरबाई नावाची म्हातारी होती, पाय भाजलेली. तिच्याकडं माणसांची रीघ. लेकी, सुना, जावा. डबे यायचे, भांडणं व्हायची, हसणं व्हायचं. गोजरबाईची एक सून एका दुपारी फणी घेऊन सगीराबीकडं आली. "मावशी, केसांचं पार घरटं झालंय तुमच्या. विंचरू का?" तिनं खोबरेल लावून, गुंता सोडवत, सावकाश वेणी घातली. सगीराबीचं डोकं त्या बाईच्या बोटांत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि थांबेना. डावा हात सलाईनमध्ये, उजवा जांघेला. पुसायला हातच नव्हता.

"दुखलं का ओ?" सून घाबरली.

"नाय गं. तेल डोळ्यात गेलं."

दोन दिवसांनी गोजरबाईला घरी सोडलं. सगळी माणसं एकदम उठून गेली. त्या खाटेवर मग एक मुकी पोर आली, ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून निजायची.

धोंडिबा दोनदा आला. एकदा भेटायची वेळ संपल्यावर पोचला, त्याला आत सोडलं नाही. त्यानं वॉचमनच्या हाती पेरू पाठवले. कापायला कोणी नव्हतं. सगीराबीनं डाव्या हातात धरून अख्खा पेरू दातांनी फोडून खाल्ला. दौलताबादचा पेरू, बिया मऊ असलेला. आणि तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

एकदा तिला खालच्या मजल्यावर रक्त तपासायला नेलं. वॉर्डातली मावशी तिला बाकावर बसवून पुढं गेली. व्हरांड्यात ही गर्दी. त्या गर्दीत तिला एक मनगट दिसलं. डावं मनगट, बाहेरचं हाड जरा वर आलेलं. लहानपणी पडून मोडलेलं आणि नीट न बसलेलं. त्या हाडावरून बांगडी सरळ जात नाही, तिरपी करून, श्वास धरून न्यावी लागते. सगीराबीनं मान वर केली. कसाबखेड्याची दीपमाला, सासर-माहेर दोन्ही तिथलंच. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून सगीराबी तिला बांगड्या भरत आली होती. हळदीच्या दिवशी हिरवा चुडा तिनंच भरला होता. पहिल्या बाळंतपणाआधी नवऱ्याशी पटत नव्हतं तेव्हा दीपमाला ओट्यावर बसून, हात तिच्या हातात देऊन, मुसमुसून रडली होती. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं होतं.

हाक मारावी का? दवाखान्याचा पांढरा झगा अंगावर, केस पिंजारलेले, गाल आत गेलेले, आणि हात असा कमरेखाली. काय म्हणेल? कशी सांगणार? तोंडाशी आलेलं 'दीपे' तिथंच अडकलं.

दीपमाला तिच्याच समोर येऊन थांबली. तिच्यासोबत कोणी म्हातारा होता, बहुधा सासरा. तिनं थेट सगीराबीकडं पाहिलं.

"मावशी, एक्स-रे कुठं काढत्यात ओ?"

"सरळ जा," सगीराबी म्हणाली. "मग डाव्या हाताला."

दीपमाला सासऱ्याला धरून निघून गेली. बांगड्यांचा आवाज गर्दीत विरून गेला. त्या बांगड्या सगीराबीनं भरलेल्या नव्हत्या. नव्या होत्या, दुसऱ्या कोणाच्या हातच्या.

त्या दिवशी तिनं जेवण परत पाठवलं. सिस्टरनं विचारलं, ताप आहे का? नाही म्हणाली. नंतर खूप दिवस ती एकच गोष्ट मनात घोळवत राहिली. नुसतं 'दीपे' म्हटलं असतं तर? पोरीनं तिथंच रडून गोंधळ घातला असता, डबा आणला असता, शेजारी बसली असती. की नसती? इतकी वर्षं आपण तिला ओळखत होतो, ती आपल्याला ओळखत होती का? पिशवी नाही, ओटा नाही, बांगड्या नाहीत, तर आपण कोण?

देठ कापायच्या आधी मॅडम रोज थोडा वेळ त्याच्याभोवती रबर आवळून पाहायच्या. कातडीचा रंग बदलतो का, गार पडते का. एकदा आवळूनही ती गुलाबीच राहिली. "तुमच्या हातानं घेतलं तिला," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हात सुटला.

सुटलेला हात उचलून धरताच खांद्यातून अशी कळ गेली की ती ओरडलीच. खांदा आखडला होता, कोपर आखडलं होतं. हाताच्या पाठीवर जांघेची मऊ, फुगीर कातडी, पुरीसारखी. बोटं त्याखालून डोकावणारी. मॅडमनी सांगितलं, ही आता तुमचीच आहे, पण तिला काही कळणार नाही. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. कदाचित पुढं थोडंफार कळेल, कदाचित नाही. चुलीपाशी सांभाळा. वर्षभरानं यातली चरबी काढून पातळ करू. आणि बोटांचा व्यायाम, दुखलं तरी, रोज.

जुनेद तिला चिकलठाण्याला घरी घेऊन गेला. मंतशाला मुलगी झाली होती, युसरा. दोन खोल्यांचं घर, नव्या इमारतींच्या मागं. वरून विमान गेलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मंतशा चांगली पोर होती. जुनेदच्या या आत्यानं भांड्याला हात लावला की म्हणायची, "फुप्पी, तुम बैठो ना." मग फुप्पी बसायची. मंतशाची आई मदतीला आलेली होती, ती स्वयंपाक करायची. सगीराबी गरम पाण्यात हात बुडवून बोटं मिटायची, उघडायची, मिटायची, आणि खिडकीतून जालना रोडवरचे ट्रक बघायची.

एक दिवस मंतशानं न्हायला जाताना युसराला तिच्या मांडीवर दिलं. बाळाला झोप येत होती. चुळबुळ करत करत तिनं गाल सगीराबीच्या उजव्या हाताच्या त्या मऊ फुगीर भागावर टेकवला आणि तिथंच डोळे मिटले. उशीच होती तिच्यासाठी. सगीराबी बघत राहिली. बाळाचा श्वास हातावर पडत असणार, लाळ गळत होती, गाल गरम असणार. तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तिनं हळूच डाव्या हाताचं बोट बाळाच्या कपाळाला लावून पाहिलं. होतं गरम.

पुढच्या आठवड्यात चहा उकळताना ती गॅसपाशी उभी होती. युसरा डाव्या कडेवर. उजवा हात कधी शेजारच्या गरम तव्याला टेकला ते तिला कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मंतशा धावत आली. "या अल्ला! फुप्पी, हाथ!" हाताच्या पाठीवर तव्याच्या कडेचा पांढरा पट्टा उठला होता. सगीराबीला काही दुखत नव्हतं. मंतशानं बाळ ओढून घेतलं, मग ओशाळली, मग हातावर पाणी ओतलं, मलम लावलं. त्यानंतर युसराला कोणी तिच्याकडं दिलं नाही. बाळ रडायला लागलं की मंतशाची आई उठायची.

"जुनेद, मेरेकू घर छोड दे," चार-पाच दिवसांनी ती म्हणाली.

"क्यूं फुप्पी? कुछ बोले क्या कोई?"

"नै रे. कोई कुछ नै बोला. घर बंद पड्या है, धूल जम गई होगी."

जुनेदनं दोनदा थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

दौलताबादच्या खोलीत खरंच धूळ होती. तिनं डाव्या हातानं झाडलं. समोरून धोंडिबानं पाहिलं आणि बायकोच्या हाती भाकरी-पिठलं पाठवलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती बोटं वाकवायची. आधी नुसती थरथरायची. मग वाटी धरता आली. मग पेला. मूठ पूर्ण कधीच मिटली नाही, पण मधली दोन बोटं आणि अंगठा एकमेकांना भिडायला लागले. तिनं एक लाकडी मुसळी कापडानं गुंडाळली आणि तिच्यावर बांगड्या चढवून पाहिल्या. सुरुवातीला ढीगभर काच झाडून टाकायला लागली.

उन्हं तापायला लागल्यावर ती पहिल्यांदा बाहेर पडली. शरणापूरला एका नव्या सुनेनं तिचा हात पाहताच स्वतःचा पंजा मागं ओढला. "मावशी, हे काय हो? पसरतं का ते?" सासूनं सुनेला दटावलं, पण बांगड्या त्या दिवशी कोणीच भरल्या नाहीत. सगीराबी परत काळी-पिवळीत बसली. दोन दिवस घरात राहिली. तिसऱ्या दिवशी कसाबखेड्याला गेली.

दीपमाला शेळीला पाला टाकत होती. "अगं बाई! मावशी! कुठं होता एवढे दिवस? मी किती वाट पाह्यली. शेवटी बाजारातून भरून आले."

"आजारी होते."

"लई वाळलात. घरी होता का दवाखान्यात?"

"दवाखान्यात."

"कोणत्या? मला कळवायचं ना. मी तर मधी सासऱ्याला घेऊन गेले होते मोठ्या दवाखान्यात."

सगीराबीनं पिशवीची गाठ सोडायला घेतली. ती डाव्या हातानं सोडायला वेळ लागतो. "असंल," ती म्हणाली. "लई गर्दी असती तिथं."

दीपमालानं हात पुढं केला, मग तिचं लक्ष त्या फुगीर पाठीकडं गेलं. तिनं हात मागं घेतला नाही. "दुखतं का ओ?"

"नाय. त्याला काय कळतंच नाय."

हाड वर आलेलं मनगट. बांगडी तिरपी करून न्यायची. उजव्या बोटांना तेवढा बाक येईना. पहिली वाढली, दुसरीही वाढली. घामानं सगीराबीचं कपाळ भिजलं. मग तिनं हात बदलले, उजव्यात पंजा धरला आणि डाव्यानं बांगडी सरकवली. कधी केलं नव्हतं तसं. बांगडी गेली. पूर्वी जेवढ्या वेळात ती अर्ध्या गल्लीच्या बाया मोकळ्या करायची, तेवढा वेळ एका दीपमालाला लागला. दीपमाला बोलत होती, नवऱ्याचं, शेतातल्या विहिरीचं, धाकट्याच्या शाळेचं. सगीराबी हुं हुं करत राहिली. उजव्या हातात पोरीचा पंजा होता, पण तो कढत आहे की गार, घामट आहे की कोरडा, ते तिला नुसतं बोटांच्या टोकांना कळत होतं.

आता ती रोज गावं करत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस वेरूळला देवळाच्या वाटेवर चटई टाकून बसते. यात्रेकरू बाया बांगड्या घेतात आणि आपल्या आपण घालतात किंवा पिशवीत टाकून नेतात. ज्यांना हातात भरून हव्यात, त्यांना ती आधीच सांगते, वेळ लागंल बाई. काही थांबतात. काही नाही. चरबी काढायच्या ऑपरेशनला मॅडमनी दोनदा बोलावलं. ती गेलेली नाही.

या हिवाळ्यात एका सकाळी ती नळावर भांडी घासत होती. पाणी बर्फासारखं. अचानक उजव्या हाताच्या पाठीवर, अगदी कडेला, अंगठ्याच्या बाजूला, काहीतरी सरकल्यासारखं झालं. तिनं हात काढला, पुन्हा धारेखाली धरला. थंडी नव्हती ती, नुसती चाहूल होती, कोणी दुरून बोट फिरवावं तशी. तिनं नळ बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

ती ओल्या हातानं बाहेर आली. धोंडिबाचं दुकान बंद होतं, तो लेकीकडं गावाला गेला होता. गल्लीत कोणी नव्हतं. तिनं फोन घेऊन जुनेदला लावला. मागं मशीनचा मोठा आवाज येत होता.

"जुनेद, सुन. मेरे हाथ कू…"

"फुप्पी, काम पे हूं. सब ठीक ना? शाम कू करता फोन."

"हौ, ठीक है," ती म्हणाली.

फोन ठेवून ती पायरीवर बसली. हात उन्हात धरून तिनं डाव्या बोटानं ती कड दाबून पाहिली, चिमटा घेऊन पाहिला. जरा वेळानं आत जाऊन भांडी पालथी घातली, पिशवी भरली, दाराला कुलूप लावलं आणि वेरूळची गाडी बघायला चौकात जाऊन उभी राहिली.